न पडता पडणे

आकाशपाळणा माथ्यावरून खाली निघाला की पोटात गोळा येतो. त्या क्षणी अंगावर काही आदळत नाही, काही टोचत नाही. उलट आपल्या वजनातलेच काही हरवते. उंचावरून खरोखर पडताना तर ते सगळेच हरवते. पडणाऱ्या माणसाला स्वतःचा भार जाणवणार नाही, हे आइन्स्टाइनला १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात सुचले. आयुष्यातला सर्वांत सुखाचा विचार, असे तो त्याला म्हणे.

मेंदूला ही खबर पोचवतो कान! अंतर्कर्णातल्या दोन इवल्या पिशव्यांत, एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. डोके कलले की ते सरकतात, त्यांच्याखालचे नाजूक तंतू वाकतात. पडताना स्फटिकांचा भारच उरत नाही.

मग व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट घालून खोलीत उभ्या असलेल्या माणसाला पडल्यासारखे कसे वाटावे? दक्षिण कोरियातल्या बीहॅप्टिक्स कंपनीच्या टॅक्टसूट एक्स४० या जाकिटात ४० मोटर्स आहेत. त्या छातीपाठीवर थरथर उठवतात, पण वजन काढून घेणे कुठल्याच जाकिटाला जमत नाही. म्हणून काही संशोधक थेट कानाकडे वळले. कानामागच्या हाडावर इलेक्ट्रोड चिकटवून मिलिअँपिअरभर वीज सोडली की उभा माणूस एका बाजूला झुकतो. सॅमसंगने २०१६ मध्ये याच तत्त्वावरचा 'एन्ट्रिम ४डी' हा हेडफोन दाखवला. पण ही वीज त्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या साऱ्या नसांना एकदम चाळवते. त्यातून मुख्यतः कलण्याचा भास होतो. सरळ खाली कोसळण्याचा नाही.

मला सर्वांत थक्क करतो तो मात्र अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा प्रयोग. तिथल्या आभासी खोलीत मधोमध सुमारे २० फूट खोल खड्डा होता. त्याच्या काठावर उभे राहिले की हृदयाचे ठोके वाढत. मग संशोधकांनी पायाखाली खरी फळी ठेवली, जेमतेम दीड इंच उंचीची. बोटांना तिची कड लागली आणि ठोके आणखी वाढले! २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खड्डा डोळ्यांनी दाखवला, कड बोटांना लागली. बाकीचे साडेएकोणीस-वीस फूट मेंदूने स्वतःच खणले.