हेडफोनचा ॲम्प्लिफायर: कोणाला लागतो, कोणता घ्यावा

मोबाइलमधले गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. ते कानापर्यंत पोचायला दोन कामे व्हावी लागतात. आकड्यांपासून विजेची लहर तयार करणे हे डॅक नावाच्या चिपचे काम, आणि हेडफोनचा पडदा हलेल इतका जोर त्या लहरीला देणे हे ॲम्प्लिफायरचे. पूर्वी दोन्ही कामे फोनमध्येच होत आणि ३.५ मिलिमीटरच्या गोल जॅकमधून आवाज बाहेर येई. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हा जॅक काढला, पाठोपाठ इतर अनेक कंपन्यांनीही काढला. त्यामुळे आता अनेक नव्या फोनवर तारेचा हेडफोन वापरायचा तर बाहेरचे उपकरण जोडावे लागते.

रायपूरमध्ये जयस्तंभ चौकातल्या रवी भवनासारख्या मोबाइल बाजारात साधे कनेक्टर सहज मिळतात. ऑनलाइन पाहिले तर अशा उपकरणांची यादी काही हजारांच्या डोंगलपासून, म्हणजे डॅक आणि ॲम्प्लिफायर असलेल्या छोट्या जोडणीपासून, पन्नास हजारांच्या घरातल्या उपकरणांपर्यंत जाते. अगदी स्वस्त कनेक्टरपैकी काहींत डॅकच नसतो, नुसती तार असते. फोन यूएसबी-सीमधून तयार आवाज देत नसेल तर असा कनेक्टर मुकाच राहतो, म्हणून तो दुकानातच स्वतःच्या फोनला लावून पाहावा. ब्लूटूथ हेडफोनवाल्यांना मात्र हा खर्च करण्याचे कारणच नाही; डॅक आणि ॲम्प्लिफायर त्या हेडफोनच्या आतच बसवलेले असतात.

बाकीच्यांनी उपकरणाच्या जाहिरातीआधी हेडफोनचे माहितीपत्रक वाचावे. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला इम्पीडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो त्याचा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती डेसिबल आवाज निघतो त्याचा. साधारण ७५ ते ८० डेसिबलवर गाणे ऐकणाऱ्याला तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली तान स्वच्छ यावी यासाठी आणखी वीसेक डेसिबलची मोकळीक लागते. म्हणजे १०० डेसिबल गाठता आले की काम झाले.

कानात बसणारा ३२ ओहमचा, मिलिवॉटला १०५ डेसिबल देणारा इयरफोन हा पल्ला अवघ्या ०.१ व्होल्टमध्ये गाठतो. कोणताही बरा डोंगल एवढे देतोच, त्यामुळे येथे वेगळ्या ॲम्प्लिफायरवर केलेला खर्च वाया जातो. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन घेतला तर चित्र बदलते. १ व्होल्टला तो ९७ डेसिबल देतो, म्हणून त्याला सुमारे १.४ व्होल्ट हवेत. आणि रेकॉर्डिंग मुळातच हळू आवाजात केलेले असेल तर त्याच्याही दुप्पट. ॲपलचा छोटा डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास देतो आणि अनेक अँड्रॉइड फोनवर त्याच्या निम्मेच. अशा हेडफोनसाठी २ व्होल्टचा डोंगल किंवा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमधून ४ व्होल्ट देणारे उपकरण योग्य ठरते. जाहिरातीतले मिलिवॉट बहुधा ३२ ओहमवर मोजलेले असतात. ३०० ओहमवर किती मिळतात ते विचारावे. २ व्होल्टला तेथे जेमतेम १३ मिलिवॉट मिळतात, आणि घरच्या ऐकण्याला तेवढे बहुधा पुरतात.

उपकरणाचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्सही पाहावा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा सर्वमान्य ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इयरफोनला २ ओहमहून जास्त असलेले उपकरण जोडले, आणि इयरफोनमध्ये एकाहून अधिक ड्रायव्हर (आवाज काढणारे घटक) असले, तर स्वरांचा तोल ढळू शकतो. तानपुऱ्याची जवारी फिकी वाटते किंवा बायाँ उगाच फुगतो. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिकणाऱ्याला किंवा रायपुरात घरी रियाज करणाऱ्याला हा फरक किमतीहून महत्त्वाचा आहे.

३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ एवढ्यातच सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आणि २० किलोहर्ट्झपर्यंतचे सारे स्वर मावतात. माणसाचा कान त्यापलीकडे ऐकत नाही. बालगंधर्वांची नाट्यगीते तर ७८ गतीच्या तबकड्यांवरून आलेली. त्या तबकड्यांत जे उतरलेच नाही ते कोणताही डॅक देऊ शकत नाही. तेथे पैसे चांगल्या हेडफोनवरच लावावेत.

बॅटरी असलेले उपकरण फोनची बॅटरी वाचवते, पण रायपूरच्या मे महिन्यात ते उभ्या मोटारीत ठेवणे लिथियम बॅटरीला घातक. फोनच्याच विजेवर चालणारा डोंगल ही कटकट टाळतो. रायपूर-नागपूर रेल्वेप्रवासात ऐकायचे असेल तर ॲम्प्लिफायर गोंगाट कमी करत नाही हे ध्यानात ठेवावे. एचडी ६०० सारख्या उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये डब्याची सारी खडखड आत येते. प्रवासाला कानात घट्ट बसणारा इयरफोनच बरा.

दोन उपकरणांची तुलना करताना आवाज आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो आणि अनेक चुकीच्या खरेद्या याच भासापायी होतात. ओळखीचा एखादा विलंबित ख्याल दोन्हींवर ऐकावा आणि फरक कळला नाही तर स्वस्तातले निःशंक घ्यावे.

जोरदार ॲम्प्लिफायरला नाजूक इयरफोन जोडण्यापूर्वी आवाज शून्यावर आणावा. कानही जपावेत; जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, ९० डेसिबलवर फक्त ४ तास.