जुन्या संगणकाचा विस्तार : स्लॉट, साठवण आणि संकेत

१. विषयप्रवेश

आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला वैयक्तिक संगणक जाहीर केला. पुढे 'पीसी' ह्या दोन अक्षरांनी जगभर ओळखल्या गेलेल्या यंत्रवर्गाचा तो मूळपुरुष होय. ह्या यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. माहिती साठविण्याचे साधन म्हणजे सव्वापाच इंची फ्लॉपी, आणि आरंभीच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट एवढाच मजकूर मावे. असे असूनही तेच यंत्र आज गिगाबाइटच्या मापाने मोजावी लागणारी साठवण सांभाळू शकते, आणि त्यासाठी त्याच्या मदरबोर्डवर एकही तार नव्याने डागावी लागत नाही. हे कसे घडते, त्यासाठी यंत्रात काय बसवावे लागते आणि अडचण नेमकी कोठे येते, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले कारण व्यावहारिक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून युनिकोड रूढ होईपर्यंत मराठीतील शब्दसूच्या, कोशांची टिपणे व बोलींच्या नोंदी ज्या संगणकांवर तयार झाल्या, त्यांतील पुष्कळसे ह्याच घराण्यातील होते. तो मजकूर वाचावयाचा तर अशी यंत्रे चालती ठेवावी लागतात. आणि ती चालती ठेवावयाची तर त्यांचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो, हे ठाऊक असावे लागते. दुसरे कारण तात्त्विक आहे. ते लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

२. स्लॉट म्हणजे काय

'स्लॉट' ह्या शब्दाला मराठी पर्याय घडविण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही. दुरुस्ती करणारा कारागीर व यंत्र वापरणारा, दोघांच्याही तोंडी तोच शब्द आहे. शिवाय तो आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. केनेथ पाइक ह्यांच्या टॅग्मीमिक्स ह्या व्याकरणपद्धतीत वाक्यातील स्लॉट आणि त्यात येऊ शकणाऱ्या घटकांचा वर्ग ह्या दोहोंचा एकत्र विचार केला जातो. '... शाळेत जाते' ह्या वाक्यात रिकाम्या जागी 'मुलगी', 'ती' किंवा 'माझी धाकटी बहीण' येऊ शकेल. 'लवकर' हा शब्दही तेथे बसेल, परंतु तो बसूनही कर्त्याची जागा रिकामीच राहील. म्हणजे स्लॉट ही केवळ पोकळी नव्हे. तेथे कोणी यावे आणि येऊन कोणते कार्य करावे, ह्याचा तो ठराव असतो.

यंत्रातील स्लॉटही असाच ठराव आहे. मूळ पीसीच्या मदरबोर्डवर ५ स्लॉट होते. प्रत्येक स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंस ३१ याप्रमाणे एकूण ६२ संपर्कबिंदू असतात. त्यांतील ८ माहितीची ने-आण करतात आणि २० पत्ता सांगतात. उरलेल्यांतून वीज व कालमापनाचे ठोके येतात, तसेच प्रोसेसरचे लक्ष वेधण्याचे व वाचन-लेखनाचे इशारे जातात. पत्त्याच्या २० तारांवर १०,४८,५७६ निरनिराळे पत्ते सांगता येतात. एक मेगाबाइट म्हणतात ते हेच. त्यांपैकी पहिले ६४० किलोबाइट कार्यस्मृतीसाठी आणि त्यावरचा भाग पडद्याची स्मृती, कार्डांवरील रॉम व यंत्राचे स्वतःचे रॉम ह्यांसाठी, अशी वाटणी करण्यात आली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे पाचही स्लॉट समांतर जोडलेले आहेत. कोणते कार्ड कितव्या स्लॉटमध्ये आहे, हे यंत्रास कळत नाही. प्रोसेसर पत्ता उच्चारतो, तो सर्वांनाच ऐकू जातो, आणि ज्याचा तो पत्ता असेल त्याने उत्तर द्यावयाचे असते. चाळीच्या चौकात उभे राहून 'जोशी' अशी हाक मारावी, तसा हा प्रकार आहे. एकच जोशी असेल तर काम होते; दोन बिऱ्हाडांतून एकदम उत्तर आले तर गोंधळ होतो. जुन्या संगणकात नवे कार्ड बसविल्यावर यंत्र अडून बसले, तर पुष्कळदा कारण एवढेच असते की दोन कार्डांना एकच पत्ता दिला गेला आहे. म्हणूनच अशा कार्डांवर पत्ता बदलण्यासाठी लहान स्विच किंवा जंपर ठेवलेले असतात.

हा सर्व ठराव कंपनीने गुप्त ठेवला नाही. यंत्राची विद्युत्-आकृती आणि बायॉस ह्या मूलभूत आज्ञावलीचा पूर्ण पाठ तिने आपल्या तांत्रिक संदर्भग्रंथात छापला. आज्ञावलीवरील स्वामित्व तिने सोडले नव्हते. परंतु स्लॉटमध्ये कोणत्या बिंदूवर काय असते, हे कोणालाही वाचता येत होते. ह्याउलट १९८४ च्या जानेवारीत आलेल्या ॲपलच्या मॅकिन्टॉशमध्ये एकही स्लॉट नव्हता. त्यास अधिक साठवण जोडावयाची तर फ्लॉपीच्या किंवा सीरियल जोडणीच्या वाटेने शिरावे लागे. १९८७ मध्ये मॅकिन्टॉश एसई ह्या यंत्रास एक आणि मॅकिन्टॉश दोन ह्या यंत्रास सहा स्लॉट देऊन ॲपलने हे धोरण बदलले.

३. स्लॉट अपुरे पडतात तेव्हा

पाच स्लॉट ऐकावयास पुष्कळ वाटतात, परंतु व्यवहारात ते लवकर संपत. पडद्यासाठी एक, फ्लॉपीसाठी एक, वाढीव स्मृतीसाठी एक आणि मोडेमसारख्या साधनाच्या जोडणीसाठी एक, असे चार गेले की एकच शिल्लक राही. ह्यावर तीन उपाय निघाले.

पहिला उपाय खुद्द आयबीएमचा. १९८३ च्या मार्चमध्ये एक्सटी हे नवे यंत्र आले. त्यात ८ स्लॉट व १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. त्याच सुमारास ५१६१ ह्या क्रमांकाची स्वतंत्र विस्तारपेटीही आली. संगणकाच्या एका स्लॉटमध्ये एक कार्ड, विस्तारपेटीच्या एका स्लॉटमध्ये दुसरे कार्ड आणि दोहोंमध्ये जाड केबल, अशी तिची रचना होती. पेटीत ८ स्लॉट आणि स्वतःचा वीजपुरवठा असे. वीजपुरवठ्याचा मुद्दा गौण नाही. मूळ पीसीचा पुरवठा ६३.५ वॉटचा होता, तर एक्सटीचा १३० वॉटचा. स्लॉट रिकामा आहे म्हणून त्यात काहीही बसविता येईल, असे समजणे योग्य नव्हे. तेथे पोसण्याइतकी वीजही असावी लागते.

दुसरा उपाय अनेक कामे एकाच कार्डावर आणण्याचा. एएसटी ह्या कंपनीचे 'सिक्सपॅक प्लस' हे ह्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यावर ३८४ किलोबाइटपर्यंत स्मृती, घड्याळ, सीरियल व प्रिंटरची जोडणी हे सर्व एका स्लॉटमध्ये मावे. तिसरा उपाय १९८५ मध्ये 'हार्डकार्ड' ह्या नावाने आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क खुद्द कार्डावरच बसविलेली होती.

४. साठवण : जागेबरोबर ओळख

साठवण वाढविण्यातील खरी अडचण ह्यापुढे येते. कार्ड स्लॉटमध्ये बसले, त्यास वीज मिळाली, पत्ताही स्वतंत्र आहे. तरी यंत्र ते कार्ड वापरील असे नाही. यंत्र सुरू होताच चालणाऱ्या बायॉसला अशा साधनाची माहिती असली पाहिजे. १९८१ च्या बायॉसला हार्ड डिस्क ही वस्तूच ठाऊक नव्हती.

हा प्रश्न ज्या रीतीने सोडविण्यात आला ती रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे निघणाऱ्या प्रत्येक साधनाची माहिती बायॉसमध्ये भरीत बसणे अशक्य होते. म्हणून २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या बायॉसमध्ये शोध घेण्याची एक क्रिया घालण्यात आली. कार्डांच्या रॉमसाठी राखून ठेवलेला पत्त्यांचा प्रदेश ते दर २ किलोबाइटवर तपासून पाहते. तेथे ८५ आणि १७० ह्या दोन संख्या लागोपाठ आढळल्या, तर येथे कोणी तरी आहे असे ते मानते. तिसरी संख्या त्या रॉमची लांबी सांगते. तेवढ्या लांबीतील सर्व संख्यांच्या बेरजेस २५६ ने नि:शेष भाग गेला, तर मजकूर अखंड आहे असे समजून बायॉस काही काळ यंत्राचा ताबा त्या कार्डाच्या आज्ञावलीकडे देते. ती आज्ञावली आपल्या साधनाची ओळख करून देते आणि ताबा परत करते.

ह्याचा अर्थ असा की यंत्राने नव्या साधनांची नावे पाठ केली नाहीत. नवागताने ओळख कशी सांगावी, ह्याचा शिष्टाचार तेवढा ठरविला. भाषेतही प्रत्येक नव्या नामाची नोंद व्याकरणात करावी लागत नाही. 'मोटार' किंवा 'फ्लॉपी' हे शब्द मराठीत आले, लिंग व विभक्तिप्रत्यय घेऊन वावरू लागले, आणि व्याकरणाचे एकही पान बदलावे लागले नाही. वर ज्यास तात्त्विक कारण म्हटले ते हेच. विस्तारक्षम रचना कोणती, ह्याचे उत्तर दोन्ही क्षेत्रांत सारखे आहे.

मूळ पीसीच्या आधीच्या दोन बायॉस आवृत्त्यांत, म्हणजे २४ एप्रिल व १९ ऑक्टोबर १९८१ ह्या तारखांच्या, ही शोधक्रिया नाही. त्यांना ५४४ किलोबाइटपलीकडील स्मृतीही वापरता येत नाही. अशा यंत्रात प्रथम बायॉसची रॉम चिप बदलावी लागते, मगच साठवणीचा विचार करता येतो. त्याखेरीज डॉस ह्या कार्यप्रणालीची आवृत्ती पाहावी लागते. हार्ड डिस्क हाताळण्याची सोय १९८३ च्या २.० आवृत्तीपासून झाली, आणि एका विभागास ३२ मेगाबाइटची मर्यादा १९८७ च्या ३.३ आवृत्तीपर्यंत कायम होती.

५. आजची साधने

त्या काळच्या हार्ड डिस्क आता झिजल्या आहेत व नव्या मिळत नाहीत. त्यांच्या जागी हौशी तंत्रज्ञांनी एक्सटी-आयडीई नावाचे कार्ड तयार केले. त्याची आकृती व त्यावरील आज्ञावली दोन्ही सर्वांस खुली आहेत. आयडीई डिस्क एका वेळी १६ बिट देते आणि जुना स्लॉट एका वेळी ८ बिटच नेऊ शकतो. म्हणून हे कार्ड अर्धी माहिती क्षणभर धरून ठेवते आणि दोन हप्त्यांत पोहोचविते. डिस्कच्या जागी कॅमेऱ्यात वापरले जाणारे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही लावता येते. त्यात फिरणारा भाग नसतो आणि वीज अत्यल्प लागते, त्यामुळे ६३.५ वॉटच्या पुरवठ्याची अडचण उरत नाही. हे आधुनिक कार्डही सुरू होताना तीच ८५ व १७० ही खूण दाखविते आणि १९८२ ची बायॉस त्यास विनातक्रार ओळखते.

६. देवनागरीचा प्रवेश

मराठी लेखनाचा ह्या स्लॉटशी प्रत्यक्ष संबंध आहे. मूळ पीसीच्या पडद्यावर देवनागरी अक्षर उमटविण्याची सोय नव्हती. कानपूरच्या आयआयटीत झालेल्या कामातून उगम पावलेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेने पुढे वाढविलेले जिस्ट हे तंत्र कार्डाच्या रूपाने ह्याच स्लॉटमध्ये बसविले जाई. इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतून त्यामुळे भारतीय लिपींत काम करता येऊ लागले. पीसी बनविणाऱ्यांनी देवनागरीचा विचार केलेला नव्हता, परंतु जागा मोकळी ठेवून तिचे नियम प्रसिद्ध केले होते. देवनागरी त्या जागेतून आत आली.

अशा यंत्रांवरील मजकूर इस्की ह्या संकेतमालेत साठविला जाई. १९९१ च्या भारतीय मानकानुसार तीत 'क' ला १७९, 'म' ला २०४ आणि 'ल' ला २०९ हे अंक आहेत. आता 'कमल' हा शब्द जिस्ट कार्ड नसलेल्या जुन्या पीसीवर उघडला, तर काय दिसेल? पीसीच्या स्वतःच्या संकेतमालेत १७९ म्हणजे एक उभी रेघ, आणि २०४ व २०९ म्हणजे तक्ते आखण्यासाठी दिलेले रेघांचे सांधे. म्हणजे 'कमल' च्या ठिकाणी मोडक्या चौकटीचे तुकडे दिसतील. हे पाहून फाइल बिघडली आहे असा समज होणे आणि ती टाकून दिली जाणे सहज शक्य आहे. वस्तुतः तिच्यातील एकही अक्षर बिघडलेले नसते. वाचणाऱ्यापाशी संकेत नसतो, एवढेच. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली असल्यामुळे असा मजकूर साध्या कोष्टकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणता येतो.

७. उपसंहार : काही सूचना

आपल्या विभागांच्या कपाटांत जुन्या फ्लॉपी व अडगळीत जुनी यंत्रे असतील, तर पुढील गोष्टी कराव्यात. यंत्र एकदम सुरू न करता आधी उघडून पाहावे. घड्याळ असलेल्या कार्डावरील बॅटरी गळली असल्यास तिच्यातील द्रव तांब्याच्या वाटा खातो. ती काढून टाकावी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र जाणकाराखेरीज कोणी उघडू नये. प्रत्येक कार्ड काढण्यापूर्वी त्याच्या स्विचांची स्थिती लिहून ठेवावी, कारण तोच त्याचा पत्ता असतो. फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करून मगच ती वाचावी, म्हणजे तीवर चुकून काही लिहिले जाणार नाही. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हने कधीही लिहू नये. पुढे मूळ ड्राइव्हला ती वाचता न येण्याचा धोका असतो. सर्व मजकुराची नक्कल नव्या साठवणीत उतरवून घ्यावी, आणि रूपांतर करावयाचे ते नकलेवर करावे.

फ्लॉपीवरील चुंबकीय लेप काळानुसार क्षीण होतो. यंत्राचा स्लॉट अजून मोकळा आहे, त्यात बसणारे कार्ड मिळते, संकेताचे कोष्टकही छापलेले आहे. लेप टिकून आहे तोवरच ह्या तिहींचा उपयोग. म्हणून हे काम लांबणीवर टाकणे इष्ट नाही.