पतइतिहासाची सुरुवात
पतइतिहास म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद. रायपूरच्या एनआयटीत शिकताना तुम्ही शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर ती सुरू झालेलीच आहे. वडील सहकर्जदार असल्यास चुकलेला हप्ता दोघांच्याही नावावर दिसतो. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड कधीच घेतले नसेल, तर 300 ते 900 मधला सिबिल स्कोअर तयारच होत नाही. बचत खात्यातली शिल्लक तिथे मोजली जात नाही. अशा वेळी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्या, बेताने वापरा, बिल पूर्ण भरा. मित्राला जामीन राहण्यापूर्वी मात्र विचार करा (मैत्रीत हे राहून जाते): त्याचे कर्ज तुमच्याही अहवालात येते. हा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात चूक आढळल्यास तक्रार करा. 30 दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.