पंचगंगा किती फुटांवर?

जिल्हा माहिती अधिकारी म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेला माणूस येतो. मंत्र्यांच्या दौऱ्यात फोटोग्राफरला वाट करून देणारा, आणि संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत फोन करून "प्रेसनोट मिळाली ना?" असं विचारणारा. ही कामं आम्ही करतोच. आढावा बैठका, उद्घाटनं, अधिस्वीकृतीचे अर्ज, 'लोकराज्य'साठी यशकथा हे सगळं या नोकरीत आलंच. पण सरकारी माहितीला खरी किंमत कधी येते, हे मला कोल्हापुरानं शिकवलं.

जूनमधलं पत्रक

कोल्हापुरात पावसाळा सुरू झाला, की रोज एक पत्रक निघतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फूट, किती इंच. किती बंधारे पाण्याखाली. मग नदीवार नावं: पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. शेवटी धरणांचा साठा आणि विसर्ग, क्युसेकमध्ये. आकडे जलसंपदा विभागाकडून नियंत्रण कक्षात येतात, तिथून आमच्या टेबलावर आणि मग पत्रकारांकडे. जूनमध्ये पेपरवाले ते आतल्या पानावर चार ओळींत उरकतात.

आमच्याकडे नव्यानंच रुजू झालेल्या माहिती सहायकानं एकदा विचारलं, "सर, ह्यात बातमी कुठाय?" त्याला उत्तर मी दिलं नाही, एका शेतकऱ्यानं दिलं. त्या दिवशी वीज गेल्यामुळे पत्रक निघायला उशीर झाला होता. भोगावतीकाठच्या एका गावातून फोन आला. "साहेब, आज बंधाऱ्यांची यादी न्हाई आली अजून. दुधाची गाडी पलीकडनं न्यायची का बंधाऱ्यावरनं?"

कोल्हापूर पद्धतीचे हे बंधारे पाणी अडवतात, तसेच ते दोन काठांमधले रस्तेही असतात. बंधारा पाण्याखाली गेला, की दूध, ऊस, शाळेची पोरं, दवाखान्यात निघालेली बाई, सगळ्यांची वाट बदलते. माहिती सहायकानं फोन ठेवला आणि त्यानंतर त्यानं ती यादी दोनदा तपासल्याशिवाय कधी पाठवली नाही.

एकोणचाळीस, त्रेचाळीस आणि त्यापुढे

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पाठ असतात. पाणी चढू लागलं, की शहरात सुतारवाड्यातल्या लोकांना आधी हलवावं लागतं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत लोक जनावरांची दावी सोडायला लागतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली आणि चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेल्या शहरात नळ कोरडे पडले. पेट्रोल अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावं लागलं. बाहेरचे वार्ताहर येऊ शकत नव्हते, म्हणून मुंबई-दिल्लीचे फोन अखंड वाजत होते.

अशा वेळी सगळेच पत्रकार एकेका अभियंत्याला, तहसीलदाराला फोन करत सुटले, तर ती माणसं काम कधी करणार? म्हणून ठरावीक वेळांना पत्रक द्यायचं, असा नियम केला. आकडा बदलला नसला तरी द्यायचं. एक वार्ताहर मित्र वैतागून म्हणाला, "अहो, पातळी तीच आहे तर परत परत कशाला पाठवताय?" मी म्हटलं, "ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलंय त्याला विचारा. गेल्या तीन तासांत पाणी चढलं नाही, ही त्याच्यासाठी दिवसातली सगळ्यात मोठी बातमी आहे." दुसऱ्या दिवसापासून तोच वेळेआधी फोन करू लागला.

मध्यरात्रीची अफवा

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तेव्हापासून 'धरण फुटलं' हे शब्द ऐकले, की महाराष्ट्रातला जुना माणूस पुढचं काही ऐकून घेत नाही, आधी घराबाहेर पडतो. पुराच्या दिवसांत एका रात्री मोबाइलवर निरोप फिरू लागला: राधानगरी फुटलं, पळा.

शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचलं, की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली, की आपोआप मिटतो. एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. त्या संध्याकाळी आणखी दरवाजे उघडले होते. कुणीतरी 'दरवाजे उघडले' एवढंच पुढं ढकललं आणि चार फोन फिरेपर्यंत उघडलेलं धरण फुटलेलं होऊन बसलं.

"अफवांवर विश्वास ठेवू नये" असं छापील वाक्य पाठवून हात झटकणं सोपं होतं. पण घाबरलेल्या माणसाला ते वाक्य म्हणजे लपवाछपवी वाटते. आम्ही धरणावर असलेल्या अभियंत्याला उठवलं आणि त्याला त्याच्याच बोलीत बोलायला सांगितलं. भिंत सुरक्षित आहे, मी भिंतीवरच उभा आहे, इतके दरवाजे उघडलेत, एवढं पाणी चाललंय, नदीकाठच्यांनी आहे तिथंच उंचावर थांबावं. वाऱ्यापावसाच्या आवाजासकट तो निरोप आम्ही पत्रकारांच्या गटांवर टाकला. तालुक्याच्या वार्ताहरांनी तो गावोगावच्या सरपंचांना, दूध संस्थांच्या सचिवांना पोहोचवला. तासाभरात फोन कमी झाले. त्या रात्री अंधारात, पाण्यातून पळत सुटलेली माणसं पुरापेक्षा अफवेनंच दगावली असती, असं मला आजही वाटतं.

नाव कुठं असावं?

पुराची पाहणी करायला मोठी माणसं येतात, आणि यायलाच हवीत. त्यांच्या येण्यानं बोटी लवकर येतात, मदत हलते. अशाच एका पाहुण्यांच्या दौऱ्याचा मजकूर त्यांच्याकडून तयार होऊन आला. सुरुवातीला कोण कोण उपस्थित होते याची लांबलचक यादी. बोटी कुठून सुटतात, निवारा केंद्रं कुठल्या शाळांत आहेत, १०७७ या नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर काय सांगायचं, हे सगळं तळाला.

मी क्रम उलटा केला. स्वीय सहायकांचा रागावून फोन आला. "साहेबांचं नाव खाली कसं गेलं?" मी त्यांना वाद न घालता नवा मजकूर वाचून दाखवला आणि म्हटलं, "संपादकाकडे जागा कमी आहे. तो खालून कापतो. आज काय कापलं गेलेलं साहेबांना चालेल?" पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग उत्तर आलं, "पाठवा तसंच." दुसऱ्या दिवशी तो मजकूर पहिल्या पानावर चौकटीत आला, नावासकट.

सहा वाजता

सगळ्यात अवघड प्रश्न मृतांच्या आकड्याचा. "सर, अंदाजे सांगा, आम्ही सूत्रांच्या हवाल्यानं देतो," असं वाहिनीचे प्रतिनिधी म्हणतात. त्यांच्यावरही वरून ताण असतो, हे मला कळतं. पण तहसीलदारांची खात्री झाल्याशिवाय आणि घरच्यांना कळल्याशिवाय आकडा द्यायचा नाही, हे मी कधी मोडलं नाही. बापाच्या जाण्याची बातमी मुलाला टीव्हीवरच्या पट्टीतून कळावी, यासारखं क्रौर्य नाही. मात्र "सहा वाजता सांगतो" म्हटलं, की सहाला सांगायचंच. आकडा कितीही वाईट असो, वरिष्ठांना कितीही नको असो. थांबायला सांगण्याचा हक्क वेळ पाळणाऱ्यालाच असतो.

कात्रणांची फाइल

रोज सकाळी आमच्या कार्यालयात वर्तमानपत्रांची कात्रणं काढली जातात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. पुराच्या धांदलीत ते काम बंद ठेवावं, असं कुणीतरी सुचवलं. मी ते चालू ठेवलं, आणि टीकेची कात्रणं वर लावली. त्यात एका तालुका वार्ताहराची चार ओळींची बातमी होती: एका निवारा केंद्रात स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा नाही, बायका रात्रभर पाणी पीत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी समासात शेरा मारला. संध्याकाळपर्यंत तिथं दिवे लागले, महिला पोलीस आल्या. आम्ही त्या वार्ताहराला फोन करून हे कळवलं. त्यानं तेही छापलं.

एका अधिकाऱ्यानं मला विचारलं होतं, "आपल्याच विरोधातल्या बातम्या साहेबांपुढे रोज कशाला ठेवता?" माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: तो वार्ताहर त्या शाळेत रात्री गेला होता, आपल्यापैकी कुणी गेलं नव्हतं. तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या मोटारसायकलवर पाण्यातून फिरणारी ही माणसं शासनाचे डोळे असतात. त्यांचं लिहिलेलं आत पोहोचवणं, हे आमचं लिहिलेलं बाहेर पाठवण्याइतकंच मोठं काम आहे.

परीक्षा देऊन या खात्यात येणारी मुलंमुली आता कॅमेरा, रील, समाजमाध्यमं सगळं शिकून येतात. चांगलंच आहे. त्यांना माझं सांगणं एवढंच, की नेमणूक झाली की पहिल्या महिन्यात जिल्ह्यातल्या नद्यांची, धरणांची, बंधाऱ्यांची नावं पाठ करा आणि तालुक्यातल्या प्रत्येक वार्ताहराला प्रत्यक्ष भेटा. पत्रक वेळेवर काढा, कुणी वाचत नाही असं वाटलं तरी काढा. पाणी धोका पातळी ओलांडतं तेव्हा लोकांचा विश्वास नव्यानं मिळवायला वेळ उरत नाही. जूनमध्ये जेवढा जमवला असेल, तेवढाच ऑगस्टमध्ये हाताशी असतो.