घरात खूण करणारा कुत्रा

चार-पाच वर्षे घरात शहाण्यासारखा वागलेला कुत्रा एके दिवशी सोफ्याच्या पायाशी जातो, क्षणभर हुंगतो, टांग वर करतो आणि चार थेंब सोडून, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने निघून जातो. दुसऱ्या दिवशी पडद्याची झालर भिजते, तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची पिशवी. घरची माणसे प्रथम हसतात, मग रागावतात. आणि एखाद्या सकाळी देवघराच्या चौकटीवरच ओघळ दिसला, की आजवर पोटच्या पोरासारख्या वागवलेल्या त्या प्राण्याला घरात ठेवावे की नाही, असा प्रश्न उभा राहतो. या एका खोडीपायी कुणी गॅलरीत साखळीला बांधला जातो, कुणाला दूरच्या वस्तीत नेऊन सोडण्यात येते. वास्तविक ही खोड बहुतेक वेळा आटोक्यात येण्याजोगी असते. मात्र ती काय आहे, हे आधी नीट समजले पाहिजे.

लघवी करणे आणि खूण करणे या कुत्र्याच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी होत. मूत्राशय रिकामे करायचे असेल तर तो एका जागी बराच वेळ थांबतो आणि जमिनीवर थारोळे साचते. खूण करताना मात्र तो उभी वस्तू शोधतो. मूत्र अगदी थोडे असते आणि एकाच फेरीत पाच-सहा ठिकाणी ते वाटले जाते. ही रीत वयात आलेल्या नरात विशेष दिसत असली, तरी माद्या खुणा करीत नाहीत असे नाही. माजावर येण्याच्या सुमारास त्याही करतात.

कुत्र्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक उभे आहे. वास घेण्याच्या नेहमीच्या पटलाखेरीज त्याच्या टाळूच्या वर एक छोटेसे वेगळे इंद्रिय असते. स्वजातीयांच्या शरीरातून येणारी रासायनिक सूचना ते टिपते. खांबाशी कोण येऊन गेला, तो नर की मादी, ओळखीचा की परका, हे त्याला त्या दोन थेंबांवरून उमगते. अमेरिकेतील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्यावर पाच हिवाळे एक साधा प्रयोग केला. कुत्र्यांच्या मूत्राने पिवळे झालेले बर्फ ते उचलून दुसरीकडे ठेवीत आणि जेथ्रो काय करतो ते पाहात. स्वतःच्या मूत्राजवळ तो फारसा रेंगाळत नसे. इतरांचे मात्र मन लावून हुंगत असे. हे निरीक्षण 2001 साली प्रसिद्ध झाले. पुढे 2018 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांना असेही आढळले, की लहान चणीचे नर मोठ्यांपेक्षा पाय अधिक कोनात उचलतात. खूण उंचावर लागली की करणारा मोठा भासत असावा. बढाईची हौस माणसापुरतीच नाही, एवढे यावरून म्हणता येईल!

घरातील खुणेमागे सूडबुद्धी नसते, हे यावरून ध्यानात यावे. तिच्यामागे बहुधा काहीतरी बदललेले असते. नवे बाळ, नवा प्राणी, बदललेले बिऱ्हाड, दुसऱ्या कुत्र्याच्या घरातून आलेल्या पाहुण्याचे सामान, किंवा खिडकीखाली रोज येऊन बसणारे गल्लीतले कुत्रे. आपल्याकडे दाराशी काढून ठेवलेल्या चपलासुद्धा रस्त्यावरचे शंभर वास घेऊन येतात. अस्वस्थ झालेला कुत्रा आपल्या परिचित गंधाने घर पुन्हा आपलेसे करू पाहतो.

तथापि पहिली पायरी पशुवैद्याची. मूत्रमार्गाचा दाह, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काहीही असले, तरी घरात लघवी होऊ लागते. कुत्रा पाणी अधिक पीत असेल, कुंथत असेल, मूत्रात रक्त दिसत असेल किंवा झोपेत अंथरूण ओले होत असेल, तर शिस्तीचे प्रयोग करीत बसणे म्हणजे आजाऱ्याला छळणे होय.

शरीर निरोगी ठरले, की निर्बीजीकरणाचा विचार करावा. कॅलिफोर्नियातील 57 नर कुत्र्यांच्या पाहणीत (1997) असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर साठ टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत ही खोड निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. जवळजवळ पूर्णपणे सुटलेले मात्र त्याहून बरेच थोडे होते. कुत्रा प्रौढ झाला म्हणजे वेळ टळली, हा समजही त्या पाहणीने खोटा ठरवला. एवढे खरे, की शस्त्रक्रिया हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा घरच्या माणसांच्या हातात असतो.

त्यात सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे सफाई. आपल्या घरांत हात सहज फिनेलकडे जातो. फिनेलाचा उग्र दर्प माणसाच्या नाकाला फसवतो, कुत्र्याच्या नाही; खालची खूण त्याला कळते आणि तो ती ताजी करतो. अमोनियायुक्त द्रव तर मुळीच वापरू नये, कारण मूत्राच्या वासाशी त्याचे साम्य आहे. ब्लीचही टाळावे; मूत्राशी संयोग होऊन त्यातून अपायकारक वायू निघू शकतो. प्राण्यांच्या मूत्रासाठी मिळणारे, विकरे असलेले द्रव डागावर भरपूर ओतून सांगितलेला वेळ तसेच राहू द्यावे. गादी, सतरंजी, लाकडाची फट अशा ठिकाणी द्रव खोलवर मुरला नाही, तर श्रम वाया जातात.

सफाईनंतर पहारा. काही आठवडे कुत्र्याला घरभर एकट्याने हिंडू देऊ नये. हलक्या पट्ट्याने त्याला माणसाजवळ ठेवावे. तो एखाद्या कोपऱ्याशी थबकून हुंगू लागला, की आरडाओरडा न करता त्याला हाक मारून लगेच बाहेर न्यावे आणि तेथे लघवी केल्याबरोबर, घरी परतण्यापूर्वीच, खाऊ द्यावा. आवडत्या कोपऱ्याचे महत्त्वच बदलणे हीही एक नामी युक्ती आहे. तेथे त्याची जेवणाची थाळी किंवा अंथरूण ठेवले, तर बहुधा ती जागा तो सोडून देतो. बाहेरचे कुत्रे दिसणाऱ्या खिडकीचा खालचा भाग झाकावा. पोटाभोवती बांधायचा कापडी पट्टा सामान वाचवतो, खोड घालवत नाही. आणि ओला झाला की तो तत्काळ बदलावा लागतो.

मारणे, नाक डागावर घासणे हे प्रकार अजूनही घराघरांत चालतात. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते की त्याकडे पाहिलेही नव्हते. निरपराध लेकराला का मारलेत, असे विचारीत सरमा तेथे आली, पण तिला कोणी उत्तर दिले नाही. तासाभरापूर्वीच्या डागासाठी मार खाणाऱ्या कुत्र्याची अवस्था या पिल्लाहून वेगळी नसते. मार आणि डाग यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्याला कळते ते एवढेच, की धनी आला म्हणजे भ्यावे; आणि भीती हेच तर कित्येकदा खुणेचे मूळ असते. मग तो सोफ्यामागे, कपाटाआड, कुणी पाहात नसताना खूण करू लागतो.

भयाने वा एकटेपणाने फार ग्रासलेल्या कुत्र्यांना पशुवैद्य मनःशांतीची औषधेही देतात; त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती मनाने सुरू किंवा बंद करावयाची नसतात. पावसाळ्यात मात्र विशेष जपावे लागते. संततधार लागली की फिरणे पाच मिनिटांवर येते, कुत्र्याचे हुंगणे अपुरे राहते आणि जिन्याच्या पहिल्या कठड्यापासूनच त्याचे खूण करणे सुरू होते. अशा दिवसांत छत्री घेऊन का होईना, रात्रीची शेवटची फेरी चुकवू नये, आणि खांबाशी तो जेवढा वेळ रेंगाळेल तेवढा वेळ त्याला तेथे रेंगाळू द्यावे.