अपतट पुरवठा नौका

समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू काढणाऱ्या फलाटांना नळ, वेधन चिखल, सिमेंट, इंधन, पिण्याचे पाणी इत्यादी पुरविणारे जहाज. फलाट ओढून नेणे, त्यांचे नांगर हाताळणे, पाणबुड्यांना आधार देणे व आग विझविणे यांसाठी या जहाजांचे निरनिराळे प्रकार आहेत.

मेक्सिकोच्या आखातात १९४७ साली किनारा दृष्टिआड होईल इतक्या अंतरावर तेलविहीर खणली गेली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातून उरलेली नाविक जहाजेच मदतीस घेतली होती. पुढे टाइडवॉटर या अमेरिकन कंपनीने १९५६ च्या सुमारास एब टाइड ही या कामासाठीच बांधलेली नौका वापरात आणली. सुकाणूघर अगदी पुढे व मागे लांब, सपाट, मोकळा डेक ही तिची साधी रचना आजही बहुतेक पुरवठा नौकांत आढळते.

माल वाहून नेण्यापेक्षा फलाटाला न धडकता त्याच्याजवळ तासन्‌तास थांबणे अधिक कठीण असते. नांगर टाकावा, तर तळावरील नळमार्गांना धोका पोहोचतो. यावरील उपाय म्हणजे गतिक स्थाननियंत्रण. यात वारा, दिशा व स्थान यांच्या नोंदींवरून संगणक जहाजाच्या निरनिराळ्या प्रचालकांचा जोर सतत बदलत राहतो. शेल कंपनीच्या यूरेका या वेधन जहाजावर १९६१ मध्ये अशी स्वयंचलित यंत्रणा प्रथम वापरली गेली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्ये अशा जहाजांचे तीन वर्ग ठरविले. दुसऱ्या वर्गात कोणताही एक कार्यरत घटक निकामी झाला, तरी जहाज जागा सोडत नाही आणि तिसऱ्यात एखादा कक्ष आगीने वा पाण्याने निरुपयोगी झाला, तरीही ते स्थिर राहते.

मात्र बिघडलेली यंत्रणा व मोठे जहाज यांचा मेळ घातक ठरतो. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय येथे समुद्र सुरक्षा या जहाजावरील जखमी कर्मचाऱ्यास ऐन पावसाळी हवेत फलाटावर हलवायचे होते. प्रचालकांत दोष असल्याने जहाज हस्तनियंत्रणाने जवळ आणले होते. लाटेने ते उसळले व त्याचा हेलिकॉप्टर-मंच वायू वाहणाऱ्या उभ्या नळावर आदळला. नळांभोवतीच्या संरक्षक चौकटी लहान नौकांच्या दृष्टीनेच बसविलेल्या होत्या. आगीत फलाट सुमारे दोन तासांत कोसळला व २२ जण दगावले.

अलीकडे नाळेचा आकार बदलून लाटांचे तडाखे कमी केले गेले आहेत (बूर्बोन ऑर्का, २००६). नॉर्वेची व्हायकिंग एनर्जी ही नौका २००३ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. २०१६ मध्ये तीवर विद्युत् घटमाला बसविली गेली. जागेवर थांबताना अकस्मात लागणारी शक्ती घटमालेतून मिळत असल्याने केवळ राखीव म्हणून जादा एंजिन चालू ठेवावे लागत नाही.