दुसऱ्याच्या नावाचं पगारपत्रक

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनच्या दुहेरीत सात्त्विक आणि आपला चिराग शेट्टी उपांत्यपूर्व फेरीत हरले, तेव्हा इथे घराघरांत हळहळ झाली. तो सामना झाला पोर्त द ला शापेलच्या अरीनात. हे अरीना बांधून होत असताना, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, तिथल्याच कामगारांनी आत ठिय्या दिला होता. त्यांतले बरेचसे पश्चिम आफ्रिकेतले. फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना नसलेले. तिकडे त्यांना ‘सां-पापिए’ म्हणतात, म्हणजे बिनकागदवाले.

परवाना नसताना काम मिळतं कसं? भाऊबंदांपैकी किंवा गाववाल्यांपैकी कोणाचं तरी कार्ड घ्यायचं आणि त्याच्या नावानं कामाला लागायचं. फोटो आणि चेहरा जुळतो का, हे मुकादम फारसं निरखत नाही. निरखलं तर माणसं आणणार कुठून? पगार अनेकदा कार्डवाल्याच्या खात्यात पडतो आणि काही जण त्यातला वाटा ठेवून घेतात. पेन्शनसाठी कापलेली रक्कमही कार्डवाल्याच्याच नावावर. अपघात झाला तर हात याचा मोडतो, नोंद त्याची होते. घरपोच जेवण पोचवणाऱ्यांमध्ये हाच व्यवहार ॲपची खाती भाड्यानं देऊन चालतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर ईट्सनं अशी सुमारे २,५०० खाती बंद केली, तेव्हा त्यांवर पोट असणारे एका फटक्यात बेकार झाले.

बांधकामावर त्यात उपकंत्राटांची उतरंड. मोठी कंपनी काम खाली देते, तो आणखी खाली. तळातली कंपनी गाशा गुंडाळते आणि थकलेली मजुरी बुडते. वरची कंपनी म्हणते, ही माणसं आमची नव्हेतच.

नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री मान्युएल वाल्स यांनी परिपत्रक काढलं. साधारण पाच वर्षांचं वास्तव्य, पगारपत्रकं आणि मालकानं भरलेला अर्ज दाखवला, तर परवान्याचा विचार होणार. म्हणजे बेकायदा कामाचा पुरावा जितका भरभक्कम, तितकी कायदेशीर होण्याची आशा जास्त! पगारपत्रक दुसऱ्याच्या नावाचं असेल, तर ‘तो आणि हा एकच’ असं मालकाकडून लेखी आणायचं. तसं लिहून देणं मालकाला अडचणीचं, कारण त्यात त्याचाही गुन्हा कबूल होतो. म्हणून बिनकागदवाल्यांच्या संपांत पगारवाढीआधी मागितली जाते ती मालकाची सही.

२६ जानेवारी २०२४च्या कायद्यानं मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांपुरती ही सहीची अट काढली. तीन वर्षांचं वास्तव्य आणि गेल्या चोवीस महिन्यांत बारा महिन्यांचं काम पुरे. ही सवलत २०२६ अखेरपर्यंतच. इतरांसाठी जानेवारी २०२५ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री ब्रुनो रतायो यांनी वाल्स यांचं परिपत्रक मोडीत काढून वास्तव्याची अपेक्षा सात वर्षांवर नेली.

दोन्ही वाटांवर निर्णय प्रीफेच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याच्या, हाती. अर्ज करायचा तर खरं नाव आणि खरा पत्ता द्यावाच लागतो. नकारासोबत बहुधा देश सोडण्याचा आदेशही येतो. पूर्वी तो आदेश निघाल्यापासून वर्षभराच्या आतच त्यावरून ताब्यात घेता येई. त्याच २०२४च्या कायद्यानं ती मुदत तीन वर्षं केली.